रातांधळेपणाची वंशावळ

आपल्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यासाठी आलेले अर्ज तपासून देण्याचे काम गेली काही वर्षे आम्हांकडे आहे. अर्जाच्या शेवटी एक रकाना आहे : ‘घराण्यात आनुवंशिक आजार असल्यास त्याची माहिती’. गेल्या मेळाव्याचे अर्ज चाळीत असता आमच्या ध्यानात आले की, या रकान्यात प्रत्येकाने एकच शब्द लिहिला आहे : ‘निरंक’. एकही अपवाद नाही. दिवेलागणीनंतर ज्यांस हात धरून ओट्याखाली उतरवावे लागे अशी माणसे ज्या घरांतून आम्ही स्वतः पाहिली, त्या घरांच्या अर्जांतूनही ‘निरंक’च. यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या मूळ स्थानाविषयी आम्ही काही लिहावे, अशी चिटणीसांची इच्छा होती. तो विषय आम्ही पुढील वर्षावर टाकला आहे. मूळ स्थान कोठे पळून जात नाही. परंतु या रकान्याविषयी व त्यात न लिहिल्या गेलेल्या एका रोगाविषयी लिहिण्यास आणखी विलंब करणे आम्हांस बरे वाटले नाही.

डोळ्याच्या आत, पाठीमागच्या भिंतीवर, दृष्टिपटल नावाचा एक पातळ पडदा असतो. त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. दंडपेशी अंधुक उजेडात पाहण्याचे काम करतात, तर शंकुपेशी भर उजेडात रंग व बारीक अक्षरे ओळखतात. आम्ही ज्या रोगाविषयी बोलत आहो त्यात बहुधा दंडपेशी आधी मरतात. म्हणून पहिले लक्षण रातांधळेपणा. पुढे दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आक्रसत जाते आणि अखेरीस मनुष्य बांबूच्या नळीतून पाहावे तसे जग पाहू लागतो. मधला भाग पुष्कळ वर्षे शाबूत राहिल्याने तो वर्तमानपत्राचे बारीक टाइप वाचतो, आणि उठताना पायापाशी ठेवलेला तांब्या लाथाडतो. घरची माणसे म्हणतात, हे सोंग आहे. डॉक्टर मंडळी यास ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ म्हणतात. जगात सुमारे ४,००० माणसांमागे एकास हा रोग असतो. म्हणजे तो फार दुर्मिळही नव्हे.

रातांधळेपणा हा शब्द आपल्याकडे जुना आहे व त्यावरील औषधही जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बोकडाचे यकृत पिंपळीसह शिजवून देण्याचा प्रयोग सांगितला आहे. प्राचीन ग्रीक वैद्यही बैलाचे यकृत देत. हे औषध खोटे नव्हते. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असते, आणि त्याच्या अभावी जो रातांधळेपणा येतो तो यकृत खाल्ल्याने थोड्याच दिवसांत जातो. घोटाळा असा झाला की, रातांधळेपणा एक नसून दोन आहेत. एक उपासमारीचा, दुसरा रक्ताचा. पहिला बरा होताना लोकांनी पाहिला, आणि दुसऱ्या जातीच्या रोग्यासही तीच आशा दाखविली गेली. दोहोंतील भेद कळावयास डोळ्याच्या आत पाहता येणे अवश्य होते, व ते १८५१ पर्यंत कोणासही साधले नव्हते.

त्या वर्षी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत उजेड पाडून दृष्टिपटल पाहता येईल असे साधे उपकरण प्रसिद्ध केले. जिवंत मनुष्याचे दृष्टिपटल प्रथमच दुसऱ्या मनुष्याच्या नजरेस पडले. दोन-चार वर्षांतच नेत्रवैद्यांस काही रोग्यांच्या दृष्टिपटलावर कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले काळे डाग आढळू लागले. हॉलंडमधील उट्रेक्ट येथील डाँडर्स याने १८५७ मध्ये या विकारास नाव दिले ते वर सांगितलेच आहे. दुर्दैवाने ते नाव चुकीचे होते. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ दृष्टिपटलाचा दाह असा होतो, आणि येथे दाह मुळी नसतो. नाव चुकले की औषधही चुकते. दाह म्हटल्यावर दाहावरील औषधे आली : पारा आला, पोटॅशियम आयोडाइड आले. मज्जातंतूंस उत्तेजन द्यावे म्हणून कुचल्याचे सत्त्व टोचले गेले, विजेचे प्रवाह सोडले गेले. १९३० नंतरच्या काही वर्षांत तर डोळ्यास अधिक रक्त मिळावे या हेतूने मानेतील मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रियाही करण्यात आली. रोगी होते तेथेच राहिले, किंबहुना आणखी खाली गेले.

परंतु त्याच जुन्या काळात काही वैद्यांनी औषधाऐवजी निराळाच प्रश्न विचारला. रोग्याचे आईबाप कोण ? बर्लिनच्या रिशार्ड लीब्राइख याने १८६१ मध्ये असे दाखवून दिले की, या रोग्यांपैकी पुष्कळांचे आईबाप एकमेकांचे रक्ताचे नातलग आहेत. बर्लिनमधील मुक्याबहिऱ्यांची तपासणी करता त्यांच्यातही त्यास हा रोग आढळला. मेंडेलचे वाटाण्यांवरील प्रयोग तोवर छापलेही गेले नव्हते. लीब्राइखपाशी नियम नव्हता, केवळ घरोघरची माहिती होती.

अशा माहितीचे मोल किती, याचे एक उदाहरण आम्हांस फार आवडते. ते याच रोगाचे नव्हे, जवळच्या एका विकाराचे आहे. त्यात रातांधळेपणा जन्मापासून असतो, पण तो वाढत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेल्ये शहराजवळच्या एका खेड्यात झाँ नूगारे नावाचा एक खाटीक राहत असे. त्याचा जन्म १६३७ चा, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज बालवयात होते तेव्हाचा. हा खाटीक रातांधळा होता. क्युनिए नावाच्या वैद्याने १८३८ मध्ये त्याच्या वंशजांची हकीकत छापली, आणि १९०७ मध्ये नेटलशिप या इंग्रज नेत्रवैद्याने तीच वंशावळ वाढवून प्रसिद्ध केली. तिच्यात १० पिढ्यांतील २,१२१ माणसे आहेत, आणि त्यांपैकी १३५ रातांधळी आहेत. आमच्या वाचकांनी क्षणभर थांबून हा आकडा मनात आणावा. एका खाटिकाच्या घराण्याने अडीचशे वर्षांची आपली उणीव परक्या वैद्यांस सांगितली, नावानिशी. आपल्या ज्ञातीचा कुलवृत्तांत आम्ही पाहिला आहे. त्यात कोणास सनद मिळाली, कोण कोठे कारकून झाला, कोणी कोणती विहीर बांधली, हे सर्व आहे. कोणास दिसत नव्हते, हे एकाही पानावर नाही. पुढे १९९६ मध्ये नूगारेच्या वंशजांतील दोष कोणत्या जनुकात आहे हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. ती वंशावळ नसती तर शोध घेणार कोठे ?

मेंडेलचा नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आला आणि लीब्राइखच्या निरीक्षणाचा उलगडा झाला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांत असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पुष्कळ दोष असे असतात की एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागविते, व मनुष्य आयुष्यभर निरोगी राहतो. आपण दोष वाहतो आहो याची त्यास वार्ताही नसते. अशा दोघांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यास दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा संभव चारांत एक. परक्या दोन घरांत नेमका एकच दोष असणे कठीण. परंतु आतेभाऊ व मामेबहीण यांचे आजा-आजी एकच असल्याने ती शक्यता पुष्कळ वाढते. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही चाल आपल्यात आमच्या लहानपणापर्यंत जोरात होती आणि अद्याप मोडलेली नाही. शेत घरात राहते, सोने घरात राहते, असे तिचे समर्थन वडीलधारी मंडळी करीत. दोषही घरातच राहतो, हे कोणी बोलत नसे.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आमच्या लेखाचा आधार घेऊन कोणी एखाद्या सुनेस छळावयाचा. हा रोग नेहमी अशाच वाटेने येतो असे नाही. काही घराण्यांत एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि मग तो बापाकडून किंवा आईकडून निम्म्या अपत्यांत उतरू शकतो. काहींत तो निरोगी मातेकडून केवळ मुलग्यांस होतो. ज्यांच्या सात पिढ्यांत नात्यातील विवाह नाही अशा घरांतही तो निघतो. आणि ज्या प्रकारात दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, तेथे अर्धा वाटा सासरचा असतोच. ‘हिच्या माहेराहून आले’ हे वाक्य आम्ही अनेक ओट्यांवर ऐकले आहे. गणिताच्या दृष्टीने ते अर्धेच खरे ठरते.

आता उपचारांकडे वळू. मध्यंतरीचा काळ आम्हांस स्वतः पाहावा लागला, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. १९८६ च्या सुमारास आमच्या वर्गात ज्ञातीतीलच एक मुलगा होता. त्याची आई ही त्याच्या वडिलांची सख्खी मामेबहीण. शाळा दुपारची, वर्गात एकच खिडकी आणि हिवाळ्यात शेवटच्या तासाला चांगलाच काळोख होई. तो मुलगा त्या तासाला हमखास दौत सांडी, दुसऱ्याच्या पायावर पाय देई, दारातून निघताना चौकटीवर आदळे. सकाळच्या तासांना मात्र फळ्यावरील अक्षर शेवटच्या बाकावरून वाची. आम्ही त्यास दोनदा छडी मारली. सोंग करतो म्हणून. ही गोष्ट लिहून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

पुढे रोगाचे निदान झाले आणि त्याच्या वडिलांची वणवण सुरू झाली. एका डॉक्टराने वारेच्या अर्काची इंजेक्शने दिली. या उपचाराचा उगम ओडेसा येथील फिलातोव्ह या नामांकित नेत्रवैद्याकडे जातो. मृताच्या डोळ्यातील पारदर्शक पटल काढून रोग्यास बसविण्याच्या शस्त्रक्रियेत त्याचे नाव खरोखरच मोठे आहे. परंतु शीतगृहात ठेवलेल्या ऊतींचे तुकडे किंवा अर्क शरीरात घातल्याने नाना रोग बरे होतात, ही त्याची दुसरी कल्पना काही सिद्ध झाली नाही. ती जगभर पसरली मात्र, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या दंडापर्यंत येऊन पोचली. नंतर एका वैद्याचे डोळ्यात घालावयाचे थेंब झाले. शेवटी कोणीतरी परदेशातील एका इस्पितळाचे नाव सांगितले. त्या खर्चाचा नुसता अंदाज काढण्यापूर्वीच दीड एकराचा तुकडा विकून झाला होता.

असे उपचार इतकी वर्षे चालतात कसे, याचे कारण आम्हांस पुष्कळ दिवसांनी कळले. हा रोग सावकाश चालतो. सहा महिन्यांत त्यात फरक पडत नाही आणि वर्षातही फारसा पडत नाही. ज्या औषधाने रोग्यास काहीच झाले नाही, त्यास ‘रोग थांबविला’ असे श्रेय मिळते. शिवाय ज्याने शेत विकले त्यास थोडे अधिक दिसू लागल्यासारखे वाटतेच. म्हणून या रोगाच्या इतिहासात औषधापेक्षाही मोजमापास महत्त्व आहे. दृष्टिपटलावर उजेडाची चमक पडली की त्यातून अत्यंत सूक्ष्म वीज निघते. ही वीज मोजता येते हे जुनेच ज्ञान होते. १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्पे याने दाखविले की, या रोग्यांच्या डोळ्यांतून ती जवळजवळ निघतच नाही. तेव्हापासून कोणाच्याही दाव्याची परीक्षा घेता येऊ लागली. क्यूबामध्ये रक्तास ओझोन देणे, विजेचे उत्तेजन व डोळ्यावरील शस्त्रक्रिया असा एकत्रित उपचार सुरू झाला होता व देशोदेशींचे रोगी हवानास जात होते. बॉस्टनच्या एलियट बर्सन या डॉक्टराने अशा १० रोग्यांची जाण्यापूर्वी व आल्यानंतर तपासणी करून १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. लाभ दिसत नव्हता.

याच बर्सनने यापूर्वी १९९३ मध्ये मोठ्या आशेची बातमी दिली होती. ६०१ रोग्यांवर अनेक वर्षे केलेल्या प्रयोगात, रोज १५,००० एकक ‘अ’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलाची वीज किंचित सावकाश कमी होते, असे त्यास दिसले. तसेच, ‘इ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांची ती उलट लवकर कमी होते, असेही दिसले. म्हणजे सुश्रुताचे यकृत दुसऱ्या दाराने परत आले ! जगभर रोगी ते जीवनसत्त्व घेऊ लागले. पण ती मात्रा यकृतास व गर्भास अपाय करू शकते. स्टारगार्ट याने १९०९ मध्ये वर्णिलेल्या दुसऱ्या एका आनुवंशिक दृष्टिपटल-रोगात तर हे जीवनसत्त्व वर्ज्यच मानतात. पुढे तीच जुनी माहिती नव्या पद्धतीने तपासली असता, लाभाचा तो दावा टिकत नाही असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस वर्षे गेली. असो. आपल्याच प्रकारच्या प्रयोगांची पुन्हा झडती घेण्याची ही रीत आम्हांस त्या शास्त्राची सर्वांत चांगली बाजू वाटते, मग निकाल कितीही कडू असो.

काही थोड्या रोग्यांस मात्र पूर्वीपासूनच उपाय होता, आणि तो आहारात. नॉर्वेच्या रेफ्सुम याने १९४६ मध्ये वर्णन केलेल्या विकारात दूध, लोणी, गोमांस व काही मासे यांतून येणारे एक मेदाम्ल शरीरात साठते. ते पदार्थ वर्ज्य केले म्हणजे रोगाची चाल रोखता येते. आणखी एक-दोन दुर्मिळ प्रकार असेच आहेत. म्हणून निदान नीट करून घेणे हे निव्वळ नाव कळावे म्हणून नसते.

खरी वाट उघडली ती पुन्हा घराण्यांमुळेच. १९८४ मध्ये शोमी भट्टाचार्य या आपल्या देशबांधवाने ब्रिटनमधील सहकाऱ्यांसह, मातेकडून मुलग्यांस होणाऱ्या प्रकाराचा दोष कोणत्या गुणसूत्राच्या कोणत्या भागात आहे याचा माग काढला. १९८९ मध्ये डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी एका मोठ्या आयरिश कुटुंबाच्या रक्तावरून दुसऱ्या एका प्रकाराचा ठिकाणा लावला, आणि १९९० मध्ये अमेरिकेतील ड्रायजा याने प्रत्यक्ष जनुक दाखविले. ते रोडॉप्सिनचे निघाले. दंडपेशींतील उजेड टिपणारे जे तांबूस द्रव्य फ्रांझ बोल याने १८७६ मध्ये पाहिले होते, तेच हे. त्यानंतर एकामागून एक जनुके सापडत गेली. केवळ या एका रोगाची म्हणावी अशी ८० हून अधिक जनुके आज ज्ञात आहेत. म्हणजे ज्यास आपण एक रोग समजत होतो ते रोगांचे मोठे कुटुंबच आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. दीडशे वर्षांत एकही औषध का लागले नाही, याचे अर्धेअधिक उत्तर यात आहे.

यांपैकी एका जनुकाची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्याचे नाव आर.पी.ई. ६५. उजेड पडला की रोडॉप्सिनमधील ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या अंशाचा आकार पालटतो. तो पूर्ववत करून परत पाठविण्याचे काम दृष्टिपटलामागील थरात हे जनुक करविते. ते बिघडले तर दिव्यात तेल आहे, वात आहे, पण वात पुढे सारणारा हात नाही, अशी स्थिती होते. मूल जवळजवळ आंधळेच जन्मते किंवा लहानपणीच आंधळे होते. जन्मजात अंधत्वाच्या या वर्गाचे वर्णन जर्मन नेत्रवैद्य लेबर याने १८६९ मध्ये केले होते. या जनुकाचा त्याच्याशी असलेला संबंध १९९७ मध्ये उघड झाला. यात एक सुदैव होते. पेशी काम करीत नसल्या तरी काही वर्षे जिवंत राहतात. म्हणजे जागे करण्याजोगे कोणी तरी घरात शिल्लक असते.

योगायोग असा की, ब्रियार जातीच्या काही कुत्र्यांत हाच दोष निसर्गतःच आढळला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जीन बेनेट व अल्बर्ट मॅग्वायर या पतिपत्नींनी कॉर्नेल विद्यापीठातील अकलँड व अग्विरे या पशुवैद्यांच्या साहाय्याने एक धाडसी प्रयोग केला. निरुपद्रवी विषाणूच्या पोटात निरोगी जनुक भरून तो कुत्र्याच्या एका डोळ्यातील दृष्टिपटलाखाली सोडला. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवला. काही आठवड्यांनी ती पिले उपचार केलेल्या डोळ्याच्या बाजूचे अडथळे चुकवू लागली आणि दुसऱ्या बाजूच्या वस्तूंवर आदळत राहिली. हा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लान्सलॉट नावाच्या त्यांतील एका कुत्र्यास अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींपुढेही नेण्यात आले. दृष्टी परत आल्याचा दाखला देण्यास कुत्र्यासारखा साक्षीदार नाही. त्यास डॉक्टरांचे मन राखावयाचे नसते, आणि त्याने शेतही विकलेले नसते.

माणसांवर हा प्रयोग करणे तेव्हा सोपे नव्हते. त्याच विद्यापीठात १९९९ मध्ये यकृताच्या एका विकारावर जनुकोपचार करताना जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण दगावला होता, आणि साऱ्या जगात या उपचारावर भीतीचे सावट होते. विषाणू निराळा होता, मात्रा फार थोडी होती, तरी पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागले. २००७ मध्ये लंडन व फिलाडेल्फिया येथे पहिल्या मनुष्यांच्या डोळ्यांत हा उपचार झाला. पुढील वर्षी फिलाडेल्फियात आठ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यावर उपचार करण्यात आला. चारच दिवसांनी प्राणिसंग्रहालयात गेला असता त्याने वर पाहिले आणि सूर्याच्या तेजाने डोळे मिटून घेतले. उजेड डोळ्यांस खुपतो, ही तक्रार त्याने तोवर कधी केली नव्हती.

पुढच्या मोठ्या प्रयोगात ३१ रोगी होते. २१ जण उपचारासाठी निवडले, १० जण तुलनेसाठी; तुलनेतील मंडळींसही वर्षानंतर तो देण्यात आला. परीक्षा अशी की, जमिनीवर बाणांनी दाखविलेल्या वाटेवरून अडथळे चुकवीत चालावयाचे आणि खोलीतील उजेड क्रमाने कमी करीत न्यावयाचा. वर्षअखेरीस उपचार झालेल्या २० जणांच्या तपासणीत १३ जण सर्वांत मंद उजेडातही ती वाट चालून गेले. तुलनेतील एकासही ते साधले नाही. ही परीक्षा वाचताना आम्हांस आमच्या वर्गातील शेवटचा तास, दाराची चौकट आणि ती छडी यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. अमेरिकन सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये हे औषध मान्य केले. लक्स्टर्ना हे त्याचे नाव. आनुवंशिक रोगावर जनुक थेट शरीरात घालण्याचा तो देश मान्य करीत असलेला पहिलाच उपचार हा होय. किंमत दोन्ही डोळ्यांस मिळून ८,५०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ५ कोटी ४० लाख रुपये !

किंमत सोडून दिली तरी मर्यादा आहेतच. हे औषध या एकाच जनुकाच्या दोषावर, दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर, आणि पेशी पुरेशा जिवंत असतील तरच चालते. मेलेल्या पेशी ते उठवीत नाही. २०१५ मध्ये पहिल्या प्रयोगांतील काही रोग्यांची सुधारलेली दृष्टी काही वर्षांनी पुन्हा उतरू लागल्याचे वृत्त आले. इतर वाटाही चालू आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले ६० विद्युताग्रांचे यंत्र जगभरात ३५० हून अधिक लोकांच्या डोळ्यांत बसविले गेले. पुढे ते करणाऱ्या कंपनीने हा धंदाच सोडला, आणि यंत्र डोळ्यात व दुरुस्त करणारा कोणी नाही, अशी त्या लोकांची गत झाली. २०२० मध्ये जिवंत मनुष्याच्या डोळ्यातच जनुक कापून दुरुस्त करण्याचा प्रयोग प्रथम झाला. १४ जणांपैकी ११ जणांत निदान एका तरी बाबतीत सुधारणा दिसल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण रोगी फार थोडे, म्हणून कंपनीने पैसा लावणे २०२२ मध्येच थांबविले होते. २०२१ मध्ये पूर्ण आंधळ्या झालेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थास, शेवाळातील प्रकाशग्राही प्रथिनाचे जनुक डोळ्यात घालून व खास चष्मा देऊन, टेबलावरील वस्तू हाताने अचूक टिपता आली. ही सर्व अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरील बोलणी आहेत. कोणी ‘पूर्ण बरा करतो’ म्हणून पैसे मागू लागला, तर जनुकाचे नाव विचारावे. पुष्कळदा तेवढ्यानेच तो उठून जातो.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. मधली नळी पुष्कळच अरुंद झाली असली तरी ती बुजलेली नाही. पांढरी काठी घेऊन तो हिंडतो, बँकेत नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने रक्त देऊन जनुकाची तपासणी करविली आणि अहवाल घेऊन तो आमच्याकडे आला. दोन्ही प्रतींत एकच बिघाड आहे. जनुक आर.पी.ई. ६५ नव्हे, दुसरे आहे, ज्यावर आज औषध नाही. त्याने तो कागद आम्हांकडून दोनदा वाचवून घेतला. मग विचारले, ‘‘गुरुजी, माझ्या मुलीचे काय ?’’ तिच्यात बिघडलेली एक प्रत असणारच, पण तेवढ्याने तिला रोग होणार नाही, असे आम्ही सांगितले. ती ज्याच्याशी विवाह करील त्याच्यात तोच दोष आहे की नाही, एवढाच प्रश्न राहतो. ती विवाहयोग्य आहे. तिचाही अर्ज मेळाव्यास आला होता, आणि त्यातही, तिच्या आजोबांच्या हस्ताक्षरात, ‘निरंक’च होते. मुलीने तो अर्ज परत मागून घेतला व त्या रकान्यात जनुकाचे नाव लिहून तो पुन्हा दिला.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तीन पिढ्यांची वंशावळ मागितली आहे. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, ज्यास रोग त्याची खूण काळी भरावयाची, अशी रीत असते. दोन रविवार दुपारी आम्ही, तो व त्याची मुलगी यांनी बसून ती काढली. आठ घरी जाऊन विचारले. सात घरांनी सांगितले. काहींनी आम्ही न विचारलेलेही सांगितले, आणि दोन वर्तुळे व एक चौकोन काळा झाला. आठव्या घरी चहा मिळाला. आमच्याकडे असले काही नाही, असे यजमान म्हणाले आणि विषय पावसाकडे नेला. त्यांचे वडील टिपूर चांदण्यातही कंदील घेतल्यावाचून अंगणात उतरत नसत, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. त्यांचा चौकोन आम्ही पेन्सिलीने काढून मोकळा ठेवला आहे.